टोपी बाहेर, माणूस आत

काबोंनी माझी पहिली तक्रार माझ्यासमोरच केली, पण माझ्याकडे न बघता. मी माझ्या टेबलाशी, ते कुरियन साहेबांच्या टेबलासमोर पाय जुळवून उभे, आणि आमच्या मध्ये फार तर एक फायलींचं कपाट. ते म्हणाले, "साहेब, ऑफिसातल्या बाईंनी माझ्या पोस्टवरच्या माणसाला हाक मारली. तो हलला नाही म्हणून बरं. बाईंना सांगून ठेवा." एवढं बोलून ते वळले आणि निघून गेले. कुरियन साहेबांनी चष्मा पुसला आणि तोच निरोप त्याच शब्दांत मला दिला. मी तिथंच बसलेली होते, सगळं ऐकलेलं होतं, आणि रागानं माझे कान तापले होते.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात टाक्या बनवणारं एक यार्ड होतं. कुरियन साहेब तिथले प्रॉडक्शन मॅनेजर आणि मी त्यांची सेक्रेटरी. आम्ही राहायचो शारजाला, अल नहदात. नवरा रोज सकाळी दुबईच्या रांगेत गाडी लावून सगळ्या जगाला शिव्या घालायचा आणि मी कंपनीच्या मिनीबसमधून उलट्या दिशेला, मोकळ्या रस्त्यानं, खिडकीला डोकं टेकून झोपत जायचे. हा अन्याय आहे असं त्याचं मत शेवटपर्यंत कायम राहिलं.

माझा गुन्हा काय होता ते सांगते. रामसूरत नावाचा एक बिहारी हेल्पर टाकीजवळ नुसता उभा दिसला. हातात चार टोप्या. मला त्याच्या लेबर कार्डासाठी अंगठा हवा होता, म्हणून मी दारातून हाक मारली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मान हलवून नाही म्हटलं आणि परत टाकीकडे तोंड केलं. मला वाटलं, काय हा माज. पुढं कळलं की तो नुसता उभा नव्हता.

आमच्या टाक्या डिझेल साठवायच्या, दुमजली घराएवढ्या. आतून रंग मारायला माणसं खालच्या अंगाच्या गोल भोकातून वाकून आत शिरत. त्या रंगाचा वास असा, की आत हवा ढकलणारा ब्लोअर बंद पडला तर आतला माणूस बाहेरच्याला हाक मारायच्या आधीच आडवा व्हावा. म्हणून भोकाशी एक माणूस पहाऱ्याला ठेवायचा. हा नियम सगळीकडे असतो आणि सगळीकडे तो पहारेकरी चहा प्यायला गेलेला असतो. आमच्याकडे नसायचा, कारण आमच्याकडे काबो होते. आत जाणाऱ्यानं आपली टोपी पहारेकऱ्याच्या हातात द्यायची, बाहेर आला की परत घ्यायची. हातात टोपी आहे तोवर माणूस आत आहे. आणि पहारेकऱ्याला तिथून हलवायचा हक्क एकाच माणसाला, ज्यानं त्याला उभं केलं त्या काबोला. पाणीसुद्धा काबो स्वतः नेऊन द्यायचे. पहारा बदलताना ते त्याच्यासमोर ताठ उभे राहत आणि म्हणत, "पोस्ट मेरे पास. तू मोकळा." आख्ख्या यार्डात बिहारी, पठाण, मलबारी, सगळ्यांना मराठीतला 'मोकळा' हा एकच शब्द यायचा.

त्यांचं खरं नाव दत्ताराम परब, गाव गोव्यातलं, पेडण्याकडचं. बुटके, मान कायम आवळलेली, खाकी शर्टाची इस्त्री ऑगस्टातसुद्धा मोडलेली नाही. हेल्पर लोकांचे ते फोरमन होते, पण फोरमन म्हटलेलं त्यांना चालत नसे. वयाच्या विशीत ते पोर्तुगीजांच्या सैन्यात होते आणि तिथं त्यांचा हुद्दा काबो. सोल्दाद म्हणजे साधा शिपाई, त्याच्यावर काबो. काबोच्या वर फुरियेल, मग सार्जेंत, मग ऑफिसर लोक. मी एकदा विचारलं की आता इतकी माणसं हाताखाली आहेत तर स्वतःला सार्जेंत तरी करून घ्या. ते म्हणाले, "नको गो बाय. काबोपर्यंत शिपायांची नावं पाठ असतात. त्याच्या वर गेलं की नुसता आकडा दिसतो." शिवाय आपल्यातला माणूस काबोच्या वर क्वचितच जायचा, वरचे सगळे बोटीनं आलेले, हेही त्यांनी जाता जाता सांगितलं.

सगळी कंपनी त्यांनी या उतरंडीत बसवली होती. आमचे लेबनीज जनरल मॅनेजर नबील साहेब म्हणजे कोरोनेल. कुरियन साहेब कापितांव. कॉलेजातून नुकते आलेले इंजिनिअर सगळे आल्फेर्स. "आल्फेर्स म्हणजे कोऱ्या बुटांचा ऑफिसर. सलाम त्याला करायचा आणि नजर त्याच्या पायांवर ठेवायची, कुठं धडपडेल सांगता येत नाही." मी कोण, असं विचारल्यावर त्यांनी मला इंतेंदेंसियात घातलं. ते म्हणे पोट आणि कागद सांभाळणारं खातं. त्यांच्यावर कधी रागवायचं नाही, नाहीतर जेवण उशिरा येतं. मग माझी तक्रार का केलीत, असं मी विचारलं. ते म्हणाले, तक्रार केली, रागावलो कुठं? आणि ते खरंच होतं. तुम्ही दुसऱ्याच्या हाताखालच्या, मी तुम्हाला बोललो असतो तर तुमच्या कापितांवचा अपमान झाला असता, असा त्यांचा हिशेब.

हुकूम मिळाला की ते तो मोठ्यानं परत म्हणायचे आणि दुसऱ्यांकडूनही म्हणवून घ्यायचे. गेटबाहेरच्या कॅफेटेरियातला चहा आणणारा पोऱ्या "दो सुलेमानी, एक बिना चीनी" असं परत म्हटल्याशिवाय त्यांच्यासमोरून हलत नसे. आम्ही हसायचो. माझी मुलगी गार्गी तर घरी पाणी मागितलं तरी तसं करून दाखवायची.

एका शुक्रवारी मी त्यांना जेवायला बोलावलं. बायको गावी, स्वतः इथं कंपनीच्या लेबर कॅम्पच्या खोलीत, म्हटलं घरचं खातील. जेवण झाल्यावर ते गार्गीला हुद्दे शिकवायला बसले. टेबलावर पिस्त्यांची रांग मांडली, खाली सोल्दाद, वर काबो, अशी चढत चढत जनरलपर्यंत. गार्गी म्हणाली, "बट अंकल, हू इज द रिअल बॉस?" तर ते म्हणाले, रांगेच्या पार टोकाला लिस्बनमध्ये एक म्हातारा होता, त्यानं गोवा डोळ्यानं कधी पाहिलं नव्हतं आणि हुकूम मात्र त्याचाच. तोवर गार्गीनं जनरल खाऊन टाकला. काबो हसले. "खा, खा. जनरलवाचून चालतं."

माझ्या नवऱ्याला, मिलिंदला, हे हसणं सोसेना. त्याचे सख्खे काका गोव्याच्या सत्याग्रहात गेलेले, हात मोडून परत आलेले. घरात त्यांच्या फोटोला अजून हार असतो. त्यानं सरळच विचारलं, "म्हणजे काबो, तुम्ही आपल्याच माणसांवर बंदूक धरून उभे होतात?"

मी सुपारीचा डबा उघडत होते, तो तसाच हातात राहिला. घरी बोलावलेल्या माणसाला असं विचारतात का? पण काबो चिडले नाहीत. म्हणाले, काकांचा हात मोडला तेव्हा मी शाळेत होतो. शेजारची पोरं सत्याग्रहाला गेली, मी पगाराला गेलो. घरात खाणारी तोंडं होती आणि वडिलांना डोळ्यांनी दिसत नव्हतं. "ते मोठे झाले, मी काबो झालो. खोटं कशाला बोलू." आणि मग, मिलिंदला की गार्गीला की पिस्त्यांना कोण जाणे, त्यांनी बाबलोची गोष्ट सांगितली.

एकसष्टचा डिसेंबर. भारताचं सैन्य हद्दीवर आलेलं. काबोंनी त्यांच्याच वाड्यावरच्या बाबलो नावाच्या सोल्दादाला नदीच्या तरीवर, जिथून होडी पलीकडे जाते तिथं, पहाऱ्याला उभं केलं होतं. त्यांच्या फौजेत नियम असा की पहाऱ्याच्या शिपायाला हलवणार तो त्याला उभं करणारा काबो. कोरोनेल आला तरी त्याला हलवू शकत नाही. दुपारी वरून हुकूम आला, सगळं सोडून मागं हटा. ट्रक सुरू झाला. काबो सार्जेंतला म्हणाले, माझा माणूस तरीवर आहे, आणून येतो. सार्जेंत म्हणाला, त्याला दुसरे आणतील, तू चढ.

"मी हुकूम परत म्हटला," काबो म्हणाले. "एक शब्द चुकला नाही. आणि ट्रकात चढलो."

दुसरे कोणी गेलेच नाहीत. पुढं सगळे पकडले गेले, छावणीत ठेवले गेले. त्या छावणीत बाबलो नव्हता. गोव्याचे म्हणून यांना लवकर सोडलं, तर हे घरी न जाता थेट तरीवर गेले. बाबलो नाही, बंदूक नाही. खांबाच्या खिळ्याला त्याची टोपी टांगलेली, सरळ, कुणीतरी नीट ठेवावी तशी. गोळी लागून नदीत गेला, की होडी धरून मुंबईला पळाला, कुणालाच माहीत नाही. आजतागायत नाही. ती टोपी त्यांनी बाबलोच्या आईला नेऊन दिली. तिनं विचारलं, तू उभा केलास ना त्याला, मग तू का नाही आणलास?

गावात राहवलं नाही म्हणून मुंबई, मुंबईतून आखात. घरी जायचे ते सुद्धा रात्रीच्या एसटीनं उतरून मागच्या वाटेनं. म्हातारीच्या अंगणासमोरून ते पुन्हा गेले नाहीत. पिस्ते उचलायला मी गेले तर काबोंनी एक सोल्दाद बाजूला काढून ठेवलेला दिसला. मी उगाचच गार्गीवर ओरडले की पाण्याचा ग्लास कडेला का ठेवलास.

त्यानंतरच्या ऑगस्टातला तो गुरुवार. गुरुवारी आमचा अर्धा दिवस, दुपारी कॅम्पची व्हॅन माणसांना मेसला घेऊन जायची. यार्डाच्या टोकाला नवी टाकी, आत तिघं रंगाला, भोकाशी रामसूरत. बाहेर असं ऊन की लोखंडावर हात ठेवता येत नव्हता. मी खिडकीतून पाहत होते. नबील साहेब तरातरा यार्डात आले, मागं कुरियन साहेब. जबल अली पोर्टवर आमच्या टाक्यांच्या लोखंडी प्लेट्स अडकल्या होत्या, त्या ओळखून घ्यायला काबोंनी ताबडतोब पिकअपमधून जायचं होतं.

काबो म्हणाले, "टाकीवर माझी पोस्ट आहे. ती काढतो आणि जातो."

"यल्ला, परब, नाऊ. कुरियन विल सी."

कुरियन साहेबही म्हणाले, "मी दुसरा माणूस पाठवतो. तू जा."

खिडकी उघडी होती, मला शब्दन् शब्द ऐकू आला. काबोंचा चेहरा माझ्याकडे होता. तो इतका पांढरा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. त्या दोघा साहेबांना कसं कळावं की ते सार्जेंतचेच शब्द बोलले होते? क्षणभर वाटलं, हे आता नाही म्हणणार. पण त्यांनी पाय जुळवले आणि हुकूम परत म्हटला: जबल अली, प्लेट्स, पोस्ट कुरियन साहेब बघणार. आणि पिकअपमध्ये बसले. जाताना त्यांनी टाकीकडे पाहिलं नाही.

कुरियन साहेब आत आल्या आल्या मी म्हटलं, सर, टाकीवर माणूस. ते हो हो म्हणाले, फोन उचलला, तेवढ्यात क्लाएंटची माणसं आली आणि नबील साहेबांनी त्यांना मीटिंग रूममध्ये ओढून नेलं. फोन कुणाला लागला, लागला की नाही, ते आजही मला माहीत नाही. कुरियन साहेब वाईट नव्हते. त्यांच्या डोक्यावर त्या दिवशी दहा माणसं बसली होती एवढंच.

यार्ड शांत झालं. व्हॅन गेली. मी मिनीबसची वाट बघत पर्स आवरत होते आणि लोखंडावर हातोड्याचे ठोके ऐकू आले. ठण, ठण, ठण, मग थोडं थांबून परत. काबोंनी शिकवलं होतं, आतून उत्तर नाही आलं तर स्वतः आत शिरायचं नाही, बाहेरून ठोकायचं आणि ओरडायचं. मी पर्स टाकून पळत सुटले.

रामसूरत भोकाशी उभा होता. डाव्या हातात तीन टोप्या छातीशी धरलेल्या, उजव्या हातात हातोडा, ओठ फाटलेले. "मैडम, तीन अंदर हैं. बोलते नहीं." मी वाकून आत पाहिलं. अंधार आणि तो डोक्यात चढणारा वास. मी नावं घेऊन ओरडले, तर माझाच आवाज घुमून परत आला. खरं सांगते, मी मनात तिघांनाही मारून टाकलं होतं. आता यांच्या घरी काय कळवायचं इथपर्यंत माझं डोकं गेलं.

टॉर्च आणायला म्हणून धावले, तर गेटवरचा वॉचमन म्हणाला, कौन अंदर, वो तीनों तो वैन में गये. टाकीला पलीकडच्या अंगालाही एक भोक होतं. काम संपलं, व्हॅनचा हॉर्न ऐकला, तिघं तिकडून बाहेर पडून पळत व्हॅनमध्ये चढले होते. टोप्यांची आठवणसुद्धा कुणाला राहिली नव्हती. मला हसावं की त्यांना धरून बडवावं कळेना. वॉचमनला कॅम्पवर फोन करायला लावलं, तिघांना परत पाठवा म्हटलं, आणि पाण्याची बाटली घेऊन टाकीशी आले.

रामसूरत प्यायला, पण अर्धं पाणी उलटलं. मी सांगितलं, आत कुणी नाही, सावलीत चल. त्यानं टोप्या दाखवल्या. टोपी हातात म्हणजे माणूस आत, बाई काहीही सांगो. शेवटी तिघं आले, खाली माना घालून. एकेकानं आपली टोपी घेतली. रामसूरतचे हात रिकामे झाले. मी म्हटलं, आता तरी चल.

"काबो नहीं आये."

"काबो जबल अली गेलेत रे. मी सांगते ना. तू मोकळा. मोकळा, समजा?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, उद्धटपणा नव्हता. मी भलत्याच भाषेत काहीतरी बोलले असावे एवढंच त्यात होतं. तिघांनी त्याला धरून ओढलं, तर त्यानं भोकाच्या कडेचा बोल्ट दोन्ही हातांनी पकडला. लोखंड तापलेलं होतं आणि त्याला ते लागत नव्हतं. घाम येणं थांबलेलं होतं. एवढं मला कळत होतं की हे फार वाईट लक्षण आहे. वॉचमनला मी ओरडून सांगितलं, अँब्युलन्सला फोन कर, कोरोनेलला विचारत बसू नकोस.

तेवढ्यात गेटशी टॅक्सी थांबली आणि काबो उतरले. साठीला टेकलेला माणूस, आणि यार्डातून पळत आला. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये पिकअप अडकली, तेव्हा हे ड्रायव्हरला पुढं जा म्हणून दार उघडून रस्त्यातच उतरले होते. उलट्या बाजूला जाऊन टॅक्सी धरली होती. मिळालेला हुकूम जन्मात पहिल्यांदाच मोडून परत आले होते.

मला वाटलं, येऊन त्याला मिठी मारतील, उचलतील. नाही. रामसूरतच्या समोर ते ताठ उभे राहिले. श्वास लागलेला, शर्ट भिजलेला, पण पाय जुळवले. आवाज अगदी रोजचा.

"पोस्ट मेरे पास. तू मोकळा."

रामसूरतनं बोल्ट सोडला आणि सरळ त्यांच्या अंगावर कोसळला.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात आम्ही बाकावर बसलो होतो. डॉक्टर आत बर्फ लावत होते, सलाइन चढत होतं, आणि वाचेल की नाही याबद्दल "इन्शाल्ला" यापलीकडे कोणी काही बोलत नव्हतं. मी कुरियन साहेबांवर, नबील साहेबांवर, त्या तीन व्हॅनवाल्यांवर तोंडसुख घेत होते. काबोंनी मला थांबवलं.

"त्यांना कशाला बोलतेस, बाय? तो त्यांच्या हुकमानं उभा नव्हता. माझ्या नियमानं उभा होता. बाबलोला सार्जेंतनं सोडला म्हणून मी इतकी वर्षं म्हणत आलो. हा जर मेला तर कुणाला म्हणू?"

त्यांच्या हाताला फोड आले होते, रामसूरतला धरताना टाकीला लागले असणार, आणि ते त्यांच्या लक्षातही नव्हतं. मी नर्सकडून मलम आणून लावलं. त्यांनी हात पुढं केला, एवढंच.

रामसूरत वाचला. संध्याकाळी त्यानं डोळे उघडले आणि विचारलं काय, तर हातोडा जागेवर ठेवला का.

शनिवारी काबोंनी सगळ्या हेल्परना उन्हातून सावलीत गोळा केलं आणि नवा नियम सांगितला. टोपी परत दिली की पोस्ट खलास. काबो येवो न येवो, चालू पडायचं. आणि ज्याला तहान लागली त्यानं शेजारच्याला पोस्ट देऊन पाणी प्यायचं. प्रत्येकाकडून त्यांनी ते परत म्हणवून घेतलं. स्वतःचा चाळीस वर्षांचा नियम मोडून ते नवा नियम दुसऱ्यांकडून घोकून घेत होते. तेव्हाही मी खिडकीत होते.

नबील साहेबांनी त्यांचं काँट्रॅक्ट वाढवलं नाही. प्लेट्स ओळखणारा आमचा एकही माणूस पोर्टवर पोचला नाही म्हणून कंपनीची शोभा झाली होती. कुठला हुकूम पाळायचा ते फोरमननं ठरवायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. मी चिडून कुरियन साहेबांकडे गेले, कुरियन साहेब खरंच वर जाऊन भांडून आले, आणि काबो दोघांवरही नाराज झाले. "कोरोनेल बरोबर आहे. हुकूम मोडला तर शिक्षा हवी. नसती झाली तर मलाच कसंतरी वाटलं असतं." मग म्हणाले, "पण मोडला हे बरं केलं."

त्यांना सोडायला शारजा एअरपोर्टवर मी, गार्गी आणि रामसूरत गेलो. रामसूरतनं ट्रॉली ढकलली. काबोंनी नवा पांढरा शर्ट घातला होता आणि डोक्यावर यार्डातली जुनी टोपी. दाराशी सामान मशीनमध्ये टाकायचं होतं. पोलिसानं टोपी काढ अशी खूण केली. काबोंनी टोपी काढली, शेजारी रामसूरत होता, त्याच्या हातात दिली, आणि टाकीत शिरावं तसे वाकून दारातून आत गेले. काचेपलीकडून हात केला. गार्गीनं सॅल्यूट ठोकला. मग ते लाइनमध्ये दिसेनासे झाले.

मी म्हटलं, चला. गार्गी निघाली. रामसूरत निघेना. काचेकडे तोंड करून उभा, दोन्ही हातांत टोपी.

"रामसूरत, चल, विमान सुटेपर्यंत उभा राहणार का?"

"मैडम, वो अंदर हैं," तो म्हणाला. थोडा लाजत म्हणाला, पण हलला नाही. नवा नियमसुद्धा टोपी परत दिल्यावरचाच होता.

गार्गीनं माझा हात ओढला, "मम्मा, लुक." काचेपलीकडून काबो उलटे येत होते. लाइनमधून बाहेर पडलेले, हातात पासपोर्ट, एक पोलीस त्यांच्यामागं अरबीत काहीतरी बजावत. "एक मिनिट, हबीबी, एक मिनिट," म्हणत ते दारातून बाहेर आले आणि रामसूरतच्या समोर उभे राहिले. पाय जुळवले. टोपी घेतली.

"पोस्ट मेरे पास. तू मोकळा."

रामसूरतनं मान खाली घातली, डोळे पुसले आणि बाजूला झाला. मी विचारलं, काबो, टोपीसाठी परत आलात? विमान चुकलं असतं. ते माझ्याकडे वळले. माझ्याकडे सरळ बघून, मध्ये कुठलाही कापितांव न घालता, ते बोलले.

"लाइनीत डोक्याला हात लावला तेव्हा कळलं, बाय. बाबलोची आई अजून आहे. नव्वदी आली. माझी बायको सांगते, टोपी उशाशी घेऊन झोपते. चाळीस वर्षं ती बाहेर उभी आहे, टोपी धरून. तिला मोकळं करायला कुणी गेलंच नाही."

"तुम्ही जाणार?"

"उभं मी केलं ना?"

पोलिसानं दंडाला धरलं. काबोंनी टोपी डोक्यावर घातली नाही, घडी करून खिशात घातली, आणि दारातून आत गेले. त्या खिशावर हात ठेवून ते लाइनीच्या अगदी शेवटी जाऊन उभे राहिले. पुढच्यानं जागा देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही. लाइन पुढं सरकली तसे तेही एक एक पाऊल पुढं सरकत राहिले.